गाळलेली ओळ

देहूरोड,
ता. १६ जून १९५७

ती. बाबांस सुगंधाचा सलाम, वि. वि.

तुमचे कार्ड मंगळवारी मिळाले. मी बरी आहे. यांना जबलपूरच्या डेपोत पाठवून दीड महिना झाला. ऑगस्टआधी येणे नाही. पाळकसाहेबच तापाने पडल्यामुळे दोन रविवार उपासना बंद आहे. आज मी घरात एकटीनेच गीत म्हटले. दुसऱ्या कडव्याला स्वतःचाच आवाज फार मोठा वाटू लागला, तेव्हा उरलेले मनात म्हटले.

या तापाच्या बातम्यांनी डोके फिरायची वेळ आली आहे. एके दिवशी पेपर म्हणतो, साधा ताप, घाबरू नका. दुसऱ्या दिवशी शाळा बंद. शेजारचे दत्तोबा म्हणतात, बाँबच्या चाचण्यांनी हवा नासली, आणि खिशात कांदा घेऊन हिंडतात. चाळीतल्या बायकांत मीच मॅट्रिक, म्हणून दुपारी सगळ्या माझ्या ओट्यावर जमत आणि मी पेपर वाचून दाखवी.

बाबा, खरे सांगायचे ते आता. सात तारखेच्या पेपरात एक ओळ होती की, खोकला असलेल्यांनी म्हाताऱ्या माणसांजवळ जाऊ नये, त्यांच्या जिवावर बेतते. आदल्या दिवशीच्या बातमीने बायका रडल्या होत्या, दोघींनी चूलही पेटवली नव्हती. मी ती ओळ गाळली. तिसऱ्या दारच्या मंजुळाबाईची मुलगी खोकत होती. मंजुळाबाईने विचारले, मुलीला घेऊन चाकणजवळ आईकडे जायला हरकत नाही ना. मी मान हलवली.

आता तिची आई तापाने अंथरुणाला खिळली आहे, छाती भरली आहे. भावाने या दोघींना परत धाडले. मंजुळाबाईला त्या ओळीचे काहीच ठाऊक नाही; उलट पेपरात आज काय आहे ते मलाच विचारते. मी डोके दुखते म्हणून दार लावून बसते.

काल डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडले. म्हटले, प्रभू काही तरी सांगेल. वंशावळ निघाली. पुन्हा उघडले, उंट-गाढवांची मोजणी. तिसऱ्यांदा आणखी एक वंशावळ. मी काय करू ते कळवा, आणि गुडघे टेकाल तेव्हा मला विसरू नका.

तुमची
सुगंधा


राहुरी,
ता. २० जून १९५७

चि. सौ. सुगंधास बाबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

चौथ्यांदा उघडले असतेस तर कुष्ठरोगाचे नियम निघाले असते आणि तू अंगावर डाग शोधत बसली असतीस. पवित्र शास्त्र म्हणजे पंचांग नव्हे, पोरी. क्रमाने वाचायची सवय लहानपणी लावली होती, ती मोडू नकोस.

तुझी आई आजारी होती तेव्हा मी वर्गातल्या मुलांना आठ दिवस सांगत होतो की देव तिला बरे करील. प्रभूने मला तसे वचन दिले नव्हते. सोबत राहीन, एवढेच तो म्हणाला होता. बाकीचे मी पदरचे घातले. ती गेल्यावर मुलांच्या तोंडाकडे बघवेना.

तुझी कबुली राहुरीला आली आहे. तिला तिसऱ्या दारी जायचे होते.

मला परवापासून कणकण आहे. जास्त की कमी ते अजून कळत नाही, म्हणून तेवढेच लिहितो. प्रभू तुला राखो.

तुझा
बाबा


देहूरोड,
ता. २८ जून १९५७

ती. बाबांस सलाम, वि. वि.

तुमचे पत्र आले त्याच दुपारी तिसऱ्या दारी गेले. मंजुळाबाई भांडी घासत होती. उभ्यानेच सगळे सांगितले. ती म्हणाली, मी तुमच्या तोंडाकडं बघून गेले बाई, पेपराकडं न्हाई. मग आत गेली आणि कडी लावली.

वाटले होते, सांगून हलके वाटेल. वाटले नाही. नळावर मी गेले की बायका घागरी उचलून बाजूला होत. कौशल्याबाईने मला ऐकू जाईल असे म्हटले की, मॅट्रिकवालीला एवढी मोठी ओळ दिसली न्हाई व्हय? रोज स्तोत्रे क्रमाने वाचली. उत्तर मागितले नाही. पाच दिवस कोणाशी शब्द बोलले नाही.

काल मंजुळाबाई दारात आली. हातात भावाचे कार्ड. मरणाचे कार्ड कोपरा फाडून येते. याचा कोपरा शाबूत होता, एवढे तिने आपले आपण ताडले होते. तिच्या मालकाला अक्षर येते, पण तो कामावरून येईपर्यंत तिला दम धरवेना. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, हाय तसं वाचा.

मी आधी मनात वाचून घेतले नाही. ताप उतरला, पण अन्न जात नाही, माणूस ओळखत नाही. चाकणचा डॉक्टर म्हणतो उठेल, गावचा वैद्य म्हणतो चार दिवस. 'ओळखत नाही'पाशी मी अडखळले. थांबले, आणि पुन्हा वाचले. तिने विचारले, म्हंजे वाचंल का न्हाई? मी म्हणाले, मला ठाऊक नाही. बाबा, हे बोलल्यावर पायाखालची जमीन जाईल असे वाटले होते. गेली नाही.

ती उठली नाही. मी विचारले, प्रार्थना करू का. ती म्हणाली, करा, पण तुमच्या देवाला नाव नीट सांगा. सरुबाई, धर्माजीची बायको, चाकणपल्याडची. नुसतं आजारी बाई म्हणू नका, तशा लई असतील.

मी तसेच सांगितले. ती पदर डोक्यावर घेऊन ऐकत होती, मी कुठे चुकते का ते बघत.

तुमची कणकण किती आहे ते आहे तसे लिहा, मी वाचीन. तोवर तुमचेही नाव गावासकट सांगते आहे.

तुमची लेक
सुगंधा