देवीची शक्ती मुलालाच

रविवार, संध्याकाळ. करोल बाग.

टोळ्या चालवायच्या त्या फाशांच्या खेळात आज ताईशी वाजलं. प्रमुखाला देवीची शक्ती मिळते, हा मूळ नियम. मी त्यात घातलं, प्रमुख मुलगाच हवा. ताईच्या टोळीची प्रमुख बाई.

"यार, हे नियमांच्या पुस्तकात नाहीये. तू घातलंस?"

"टोळीची रीत आहे," मी म्हणालो. ती फासे टाकून गाझियाबादला निघून गेली.

रीत कसली, आमच्याच घरची. आई गेल्यावर देवीचा चांदीचा टाक ताईनं मागितला होता. मिळाला मला, मुलगा म्हणून. तो अजून कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पूजा एकदाही नाही. खेळात तो नियम घालताना मला खरंच कळलं नाही?

आत्ता फोन केला. "ताई, नियम खोडला."

"अच्छा," ती म्हणाली. "खेळातला."