कुंकू लागलेला तुकडा

मंगळवार, लालबाग

गुरांच्या खाद्याच्या गोळ्या पाडणारी आम्ही बनवलेली डाय, म्हणजे भोकाभोकांचा पोलादी साचा, गिऱ्हाइकाच्या कारखान्यात फुटली, तिथल्या ऑपरेटरचा डोळा गेला. मी दिरांना बजावलं होतं, "भाऊजी, नुसतं कडक पोलाद नको, रोलरचा मार सोसणारं घ्या." ऐकलं नाही.

आज फुटका तुकडा परत आला. डाय पाठवताना पूजा करून मी लावलेलं कुंकू त्यावर तसंच. आणि भाऊजी फोनवर तिथल्या मालकाला सांगतायत, "तुमच्याच माणसाने मशीनच्या आत नट-बोल्ट पाडला असणार." मी तो तुकडा, कुंकवासकट, त्यांच्या टेबलाच्या काचेवर आपटला. काच उडाली, त्यांचा गाल चिरला. लागावं असंच वाटत होतं का मला? हो.

"वहिनी, डोळा गेला असता माझा!"

दिवसभरात डोळा हा शब्द त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा निघाला.