राक्षसाच्या मुलीचं लग्न

१२ जानेवारी १९८६, रविवार
धाकट्या भावानं, माधवनं, अमेरिकेहून पाठवलेल्या खेळातली पहिली मोहीम आज संपली. मास्टर मी. गोष्ट मास्टरनं सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र होऊन आपण काय करणार ते बोलायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. एक पडला की पचका. इतकं सोपं.
शेवटी गुहेच्या तोंडाशी राक्षस उभा केला. बाळासो दूधवाल्यानं तलवार बाजूला ठेवून विचारलं, "पावणं, कुठल्या गावचं?" मी बेसावध. चंदगड म्हणालो. झालं. बाळासोच्या मेव्हणीचं सासर चंदगडचं. राक्षस नात्यातला निघाला. आमच्या हिनं, विमलानं, त्याला चहा दिला. ऑफिसातल्या नृसिंहनं त्याची मुलगी लग्नाची आहे हे काढून घेतलं. खजिना राहिला बाजूला.

१३ जानेवारी
निश्चय. पुढची मोहीम मास्टरच निवडणार. ऑफिसात साहेब माझं नाव चुकवतात. शेजारच्या टेबलावरचा नृसिंहसुद्धा तिथं माझं ऐकत नाही. रविवारी तीन माणसं माझ्या तोंडाकडे बघतात, तेवढीच. हा ग्रुप हातचा जाता कामा नये. म्हणून कडक पॉलिसी.

१९ जानेवारी, रविवार
तरी लोकशाही म्हणून मत विचारलं. तिघांचं एकच. राक्षसाच्या मुलीचं लग्न. याला मोहीम म्हणतात? मी बर्फाचा डोंगर सुचवला. बाळासो म्हणाला, बर्फात बोलायचं कुणासंगं? मग ओसाड किल्लाच फायनल. आत चिटपाखरू नाही, नुसते सापळे. कोणाला गाव विचारतात बघू.
उठताना बाळासो म्हणाला, "तुमी नुसतं मारायचं बगताय. पोरीचं वय निघून चाललंय की."
दुर्लक्ष केलं. मास्टरनं खंबीर असावं.

२६ जानेवारी, रविवार
नकाशा तयार. झकास. कोणी आलं नाही. बाळासोची म्हैस व्यायला टेकली आहे. विमला त्याच्याच बायकोकडे, बायडाबाईकडे, हळदीकुंकवाला. नृसिंह म्हशीच्या मदतीला. त्याला म्हशीतलं काय कळतं? पण मैत्री म्हणजे मैत्री. मोकळा वेळ मिळाला, सापळे वाढवले.

२ फेब्रुवारी, रविवार
म्हैस अजून टेकलेलीच. हळदीकुंकू पुन्हा बायडाबाईकडे. नृसिंह पुन्हा म्हशीपाशी. फासा सापडत नाही. उंदरांनी नेला असणार. पिंजरा आणणे.

९ फेब्रुवारी, रविवार
फाशाऐवजी आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून एकट्यानंच खेळलो. पहिल्याच सापळ्यात मेलो. म्हणजे मोहीम दर्जेदार आहे. घर फार शांत होतं. रेडिओ लावला.

२३ फेब्रुवारी, रविवार
रथसप्तमी होऊन गेली तरी हिचं हळदीकुंकू संपेना. बायका रूढी फार पाळतात. म्हटलं, म्हैस तरी बघून यावी, तिथंच किल्ल्याचंही ठरवावं. नकाशा घेऊन गंगावेशीत बाळासोच्या घरी गेलो.
गोठ्यात रेडकू. चांगलं महिन्याचं, धष्टपुष्ट. ओसरीवर तिघं, शिवाय बायडाबाई. मधे फासा. गोष्ट विमला सांगत होती. लग्नाचीच. आणि माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, माझ्याकडे कधी बघितलं नाही तशी. फार वाईट वाटलं. परत फिरावं म्हटलं, पण घरी जाऊन करायचं काय?
कोणी दचकलं नाही. विमला एवढंच म्हणाली, मांडवाच्या दारात कोणी अनोळखी आलंय. बाळासोनं मान वर केली.
"पावणं, कुठल्या गावचं? पोरीकडचं का पोराकडचं?"
नकाशा खिशात कोंबला. पोरीकडचा, म्हणालो. विमलानं फासा हातात दिला. टाकला. एक पडला.
पंगत भरली होती. पुढच्या पंगतीला बसा, म्हणाली.
पायरीवर बसून राहिलो. अंधार पडेपर्यंत पुढची पंगत काही बसली नाही.