एका अक्षराची मिळकत

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, व्याकरणात डॉक्टरेट, वकिलांच्या कार्यालयातून निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या डोक्याने लिहवून घेते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना डॉक्टरांनी विचारले, "तुम्ही कसल्या डॉक्टर?" मी म्हणाले, "‘च’ची." तरीही त्यांनी दाखला दिला.

१. खुलासा. ‘मी जाते’ आणि ‘मीच जाते’ यांत काय फरक पडतो, यावर माझा प्रबंध आहे. पाने तीनशे बारा, वर्षे सात. माझा मोठा भाऊ, दादा, तेव्हा म्हणाला होता, "एका अक्षराला सात वर्षं? मग सगळी मुळाक्षरं कधी संपवणार?" विनोद चांगला होता.

२. त्या पदवीवर मी केलेली कामे: महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणे, चार वर्षे, सुट्टीत पगार नाही. सोबत पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासणे. कपडे धुण्याच्या यंत्राची एक माहितीपुस्तिका, जी ते यंत्र घेतल्यावर मीही उघडली नाही. नंतर सव्वीस वर्षे वकिलांकडे करारांचे मसुदे वाचणे. एका गोदामाच्या करारात ‘दुरुस्ती मालकाने करावी’ असे होते. मी ‘मालकानेच’ केले. छप्पर कोसळले तेव्हा खर्च आमच्या भाडेकरू अशिलाच्या गळ्यात पडला नाही. त्यानंतर वकीलसाहेब मला विचारल्याशिवाय कशावर सही करीत नसत. पगार पहिली दहा वर्षे दादाच्या निम्माही नव्हता, पुढे बरा झाला. त्यातूनच हे घर झाले. दादाच्या मुलीने, माझ्या भाचीने, हे कलम नीट वाचावे, मी काही लपवलेले नाही.

३. आमचे बाबा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत. त्यांनी मृत्युपत्रात ‘घर माझ्या मुलांना’ असे लिहिले होते. आम्ही दोघेच, दादा आणि मी. दादा म्हणाला, "अगं, हात थरथरत होता त्यांचा. ‘मुलाला’ लिहायचं होतं. आणि तुझं एवढं शिक्षण झालं, तोच तुझा वाटा." चाळीस वर्षे खिळे जुळवणाऱ्या माणसाच्या हातून ‘मुलाला’चे ‘मुलांना’ होत नाही, हे मला त्याच क्षणी कळत होते. मी व्याकरणाची डॉक्टर, गप्प बसले आणि हक्कसोडपत्रावर सही केली. याचा राग दादापेक्षा स्वतःवर जास्त आहे, आणि तो अजून गेलेला नाही. बाबांचे ते मृत्युपत्र, ‘मुलांना’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने मारलेल्या रेघेसह, दादाला द्यावे.

४. दादाच्या मुलीला भाषाशास्त्रात संशोधनासाठी प्रवेश मिळत आहे. फॉर्म भरायची शेवटची तारीख सोमवार. दादाने तिला बजावले आहे, "भरलास तर राहायचं-खायचं तुझं तू बघ. आत्याचं काय झालं ते दिसतंय ना?" म्हणून माझ्या मरणाची वाट न पाहता मागची खोली आजपासून तिला दिली आहे. किल्ली तिच्याकडे आहे. पदवी पुरी करण्याची अट नाही. मधेच सोडून बँकेत लागली, तरी कोणी तिला बोल लावू नये.

५. माझा प्रबंध मार्गदर्शक, परीक्षक आणि भाची एवढ्यांनीच वाचला आहे. परीक्षकांबद्दल खात्री नाही. भाचीने पान एकशे चौदावर बोट ठेवून म्हटले, "आत्या, हे उदाहरण तुझ्याच नियमात बसत नाहीये." बसत नव्हतेच. तीस वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. ती प्रत तिला.

६. हे राहते घर, तीन खोल्या, कपाटे आणि टेबलासह, माझ्या पश्चात माझ्या भाचीलाच.

येथे टंकलेखिकेने थांबून विचारले, "बाई, शेवटचा ‘च’ चुकून आलाय का? काढू?"

काढायचा नाही.

सही

साक्षीदार:
१. वरील मजकूर टंकलिखित करणारी. ‘च’बद्दल विचारून खात्री केली आहे.
२. खालच्या झेरॉक्सच्या दुकानाचे मालक.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: त्या सोमवारच्या आधीचा शुक्रवार