टेबलाखालची ओ

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून केलाय, पोट आडवं आलं तरी.

आधी एक गंभीर तक्रार. गेला आठवडाभर मी एक कप चहा धड प्यायलेलो नाही. संकटात कसं वागावं ते मुलांना शिकवणाऱ्या आमच्या नव्या संग्रहालयात नेमका माझ्या खोलीखालीच भूकंप बसवलाय. मोटारीवर हलणारी खोली आहे. चाचणीला आलेल्या मुलांची तुकडी आत गेली की ती गडगडते, माझा चहा बशीत येतो आणि बशीतला पँटवर. साहेबांकडे गेलो, तर म्हणाले, "खेळ तुम्हीच रचलाय ना? मग भोगा!" जगात न्याय उरला नाही.

पण पोरं! अगं, काय सांगू तुला! पुराच्या खोलीत भिंतीवर पाण्यासारखा निळा उजेड चढत जातो, तेवढ्यात पिशवीत काय घ्यायचं ते ठरवायचं. एका चिमुरडीनं पाणी, बॅटरी, औषधं भरली आणि मला दरडावलं, "आजीची कवळी कुठाय? कवळीशिवाय ती ओरडणार कशी?" कवळी आम्हा शहाण्यांना सुचलीच नव्हती. आता ठेवलीय.

घोटाळा भूकंपाच्या खोलीत झाला. तिथे मी भिंतभर अक्षरांत रंगवलं होतं: वाका, लपा, धरा. खोली हलली. पोरं वाकली, टेबलाखाली लपली, टेबलाचे पाय घट्ट धरले. झकास! मग अग्निशमन दलातल्या बाई हेल्मेट घालून आत आल्या आणि हाक मारली, "आत कोणी आहे का?"

चिडीचूप.

पुन्हा हाक. टेबलाखालून फक्त खुसखुस, आणि एक दबका आवाज, "गप ए! तिच्यावर राज्य आहे!"

बाई वाकल्या, तर सगळी एका सुरात ओरडली, "धप्पा!"

हसून हसून साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम गंभीर झाले. "हेच शिकून घरी गेली तर? ही खोली बंदच ठेवू." मला मात्र हसू आलं नव्हतं. का, ते तुला कळेल.

तुझं मनगट दुखायला लागलं की मी फोनवर नवनवीन मलमांची नावं सांगतो, आणि मूळ विषय तूही काढत नाहीस. लहानपणी भूकंपात घर हललं तेव्हा आपण लपाछपीच खेळत होतो. राज्य तुझ्यावर होतं. तू अंगणात सुखरूप होतीस, तरी आत आलीस. "बारक्या, ओ दे! बारक्या, ओ दे रे!" पलंगाखाली मला सगळं ऐकू येत होतं. वाटलं, काय लबाड आहे ही, हाका मारून फसवतेय. घर हलवण्याचं श्रेयही मी तुलाच दिलं होतं! मी ओ दिलीच नाही, म्हणून तू एकेक खोली शोधत आलीस, आणि शेवटच्या खोलीत फळी तुझ्या हातावर पडली.

साहेबांकडून मी एक संधी मागून घेतली. भिंतीवर चौथा शब्द रंगवला: वाका, लपा, धरा, ओ द्या. नियमही बदलला. हाकेला जो आधी ओ देईल तो जिंकला. आज बाईंनी "आत कोणी..." म्हणायचा अवकाश, टेबलाखालून अशी ओ आली, अशी ओ आली, की वर माझा उरलेला चहाही गेला! साहेब म्हणाले, "खोली चालू." मी जिन्यावर नाचलो. जिना हलला, तो भूकंप माझा.

रविवारी उद्घाटन आहे, ये. तुला त्या खोलीत नेणार नाही. बाहेर बाकावर बसू, तिथून ऐकू येतं.

आणि तेव्हाची एक माझ्याकडे राहिली होती, ती घे.

ओ, ताई. इथेच आहे मी.

तुझा,
आता कुठल्याच पलंगाखाली न मावणारा
बारक्या