वर्णन: ओलसर

सोमवार

मावशीच्या घरी छान बस्तान बसलं! खोली मागच्या बाजूची, एक खिडकी, एक लोखंडी कपाट, आणि गादी इतकी मऊ की सकाळी उठवत नाही. माझी बॅग मावशीनेच रिकामी केली. कपडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाली, की एवढं शिकलीस, पण घडी घालायला काही शिकली नाहीस.

नोकरीही मनासारखी. निरनिराळी ग्रंथालयं आपापल्या पुस्तकांच्या नोंदी आमच्याकडे पाठवतात. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी नंतर, कुणी साल गाळतं. तो सगळा गुंता सोडवून एकसारखा करायचा, म्हणजे अभ्यासकाने एका जागी शोधलं की सगळीकडचं सापडावं. आमच्या ऑफिसच्या प्रमुख बाई म्हणाल्या, की न सापडणारं पुस्तक आणि जळालेलं पुस्तक सारखंच. मला फार आवडलं ते.

शेजारच्या टेबलावर मास्तर. पूर्वी शाळेत शिकवायचे. माणूस लाख, पण पान उलटताना बोट जिभेला लावतात. दर पानाला. मी मान फिरवून बसते.

बुधवार

एका बंद पडलेल्या ग्रंथालयाच्या नोंदी आल्यात. नाव नाही, लेखक नाही, विषय नाही. वर्णनाच्या रकान्यात फक्त एक शब्द: ओलसर. झाडून सगळ्या नोंदींत तोच. मास्तर म्हणाले, कुणीतरी कामचुकार असणार. बाईंनी सरळ पुस्तकंच मागवली.

शुक्रवार

खोकी आली. शी! पाण्यात पडलेल्या पावासारखी फुगलेली पुस्तकं. पुठ्ठ्यावर बोट टेकलं तर खळगा पडला आणि सावकाश भरून आला. पानं एकमेकांना चिकटलेली. सोडवताना मधे लाळेसारख्या तारा सुटतात. वास तापकऱ्याच्या तोंडाचा, आणि त्यात जरासा गोडवा. तो गोडवाच जास्त किळसवाणा.

मी नाकाला रुमाल बांधला, हातमोजे चढवले. मास्तरांनाही दिले, तर हसले. म्हणाले, हातमोज्यांतून पान कळत नाही. आणि चालू झाले: पान, जीभ, पान, जीभ. माझ्या पोटात ढवळून आलं. मला तर पानांवर नुसते तपकिरी डाग दिसत होते. मास्तर मात्र धडाधड लेखकांची नावं, विषय सांगत गेले आणि मी टाईप करत गेले.

सोमवार

मास्तरांनी डबा उघडलाच नाही. बोलताना जीभ दिसली. पांढरी. शिळ्या पावावर येते तशी लव आलेली. दातांच्या फटीत कागदाचा लगदा. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, अगं, एकदा चव तर घेऊन बघ.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुला जरा जास्तच किळस येते. नोंदी छान भरल्यात, उद्या शोधासाठी खुल्या करू.

घरी आले तर मावशीने दारातच विचारलं, की पोरी, आज काहीतरी गोड आणलंयस का?

मी काहीच आणलं नव्हतं.

मंगळवार

नोंदी खुल्या झाल्या. कुठलाही विषय शोधा, सगळ्यात वर याच येतात. दुपारपर्यंत मागण्यांची रीघ लागली, पहिले गठ्ठे लगेच रवानाही झाले. सगळ्यांना हीच पुस्तकं हवीत. बाई खूश. स्वतः गठ्ठे बांधायला बसल्या. दोरी दातांनी तोडताना तोंड उघडलं —

त्यांचीही. पांढरी.

बुधवार

मास्तर आले नाहीत. त्यांच्या खुर्चीची गादी ओली आहे. मी हात लावला नाही.

घरी मावशी माझ्या बॅगेचा पट्टा चोखत बसली होती. डोळे मिटून. तान्हं बाळ अंगठा चोखतं तशी. ओढून घेतला तर हुंदके देऊन रडली. माझी मावशी, जी दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीसुद्धा पीत नाही —

डॉक्टरांनी तिची जीभ बघितली. म्हणाले, सकाळपासून अशाच जिभा बघतोय. तिला ठेवून घेतलंय.

मीच आणलं हे घरात. कपड्यांवरून, बॅगेवरून.

गुरुवार

नोंदी पुसून टाकते. सापडलीच नाहीत तर कुणी मागवणार नाही. बाई उरलेले गठ्ठे पोचवायला गेल्यात. ऑफिसात मी एकटी.

एकेक पुसतेय. बऱ्याच गेल्या.

टेबलाखाली एक खोकं उघडं आहे. बघायचं नाही.

पुसतेय.

रुमाल कधी सुटला? हातमोजे कुठे —

मघापासून मळमळत नाहीये. का मळमळत नाहीये? वास तोच आहे. घाण आहे. घाण, घाण, मला माहीत आहे, घाण आहे —

थोड्याच उरल्या. हात वळत नाही तिकडे. बोट ओलं आहे. मी केव्हा —

नाही. मावशीसाठी तरी —

शी. शी. तोंडाला पाणी सु