यादीतले पहिले नाव : येसर

५ जानेवारी
यादी स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवली. सुवाच्य अक्षर, डावीकडे समास — परीक्षेची सवय! पुण्याहून दादाने फोनवर पाठवलेल्या माहितीचे हे माझे टिपण. धान्य-डाळींत 'लेक्टिन' नावाचे प्रथिन असते, त्याने सांधे सुजतात, असे त्यात म्हटले आहे. अप्पांचे गुडघे दुखतात, म्हणून हा आहार. वर्ज्य : गहू, सर्व डाळी, शेंगदाणे, वांगी, टोमॅटो, बटाटे, मिरची. चालेल : ज्वारी, बाजरी, पालेभाज्या, रताळी, कांदा, तीळ, खोबरे.

येसर दादाने लिहिले नव्हते. अप्पाच म्हणाले, "येसर लिही. सगळ्यात वर." आमटीला लावायच्या त्या भाजक्या पिठात गहू आणि हरभऱ्याची डाळ असतेच. लिहिले.

१३ जानेवारी
भोगी. भाजीतले वांगे, घेवडा, हरभरा — सारेच वर्ज्य. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मेथी तेवढी ताटात.

आई असती तर त्या यादीवर पापड वाळत घातले असते!

उन्हाळ्यात ती येसरासाठी धान्य भाजायची, तेव्हा कोणाशी बोलत नसे. मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली. मग पहिल्या आमटीचा थेंब माझ्या तळहातावर — "बराबर झाली का गं? का पुस्तकात बघून सांगतीस?" गेल्या मे महिन्यात तिने डबा भरला. जूनमध्ये ती गेली.

२१ जानेवारी
अप्पांचा सदरा खांद्यावरून ओघळतो. शेजारच्या सोनूबाई मावशी आज अंगणातूनच ओरडल्या, "बाप धाटावाणी वाळून राह्यला अन् तू कागद वाचून राह्यलीस!"

जालन्याला नेले. वजन चार किलो कमी. डॉक्टर म्हणाले, "डाळ भिजवून कुकरमध्ये नीट शिजवली की बहुतेक लेक्टिन जाते. रोज द्या. असेच चालले तर अंथरूण धरतील."

संध्याकाळी वरण वाढले. अप्पांनी वाटी सरकवली. "यादीत बसत न्हाई."

२२ जानेवारी
वरण परत. भाकरीही अर्धी.

२३ जानेवारी
पडून पडून येसराला किडे लागतील, म्हणून डबा सोनूबाई मावशींना देऊ लागले. अप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला!

"ऱ्हाऊ दे, बाई. डाळ शिजली की तू आमटी करशील. मंग हे संपंल. तिच्या हातचं दुसरं काय ऱ्हायलंय?"

तळाशी जेमतेम दोन मुठी.

म्हणजे यादी हे केवळ निमित्त! शाळेत सदैव पहिली आलेली मी, आणि घरातले एवढे मला वाचता आले नाही.

मावशी पायरीवर बसल्या, आईचे नाव घेऊन म्हणाल्या, "दैवशालाचा डबा कधी रिकामा पाह्यला का, भाऊ? नवं भरायच्या आधी जुन्याची मूठ राखायची, त्यातच कालवायची. सासूनं तसंच दिल्तं तिला. ह्या दोन मुठीत तुमची मायबी हाय."

अप्पांनी डबा मांडीवरून खाली ठेवला.

२६ जानेवारी
येसर भाजले. कोणाशी बोलले नाही. जुने त्यात अप्पांनी स्वतः कालवले.

आमटीचा पहिला घोट घेऊन म्हणाले, "तिच्यासारखी न्हाई."

मग वाटी पुढे केली. "तिचीबी पहिल्या साली अशीच झाल्ती. वाढ."